पाचवा चतकोर

कत्तलखान्यात आलेल्या पाचशे किलोंच्या बैलातले माणसाच्या ताटात किती पोचते? कातडे, मुंडके, खूर, रक्त आणि आतडी काढून घेतली की हुकाला साधारण तीनशे किलोंचा सांगाडा लटकतो. त्यातली हाडे आणि जादा चरबी वजा केली की निव्वळ मांस उरते दोनशे-सव्वादोनशे किलो. म्हणजे अर्धेसुद्धा नाही. कोंबडीचा हिशेब बरा असला तरी तिचाही चौथा हिस्सा पिसे, रक्त, डोके, पाय आणि आतडी यांत जातो. युरोपातले खाटीक सांगाड्याचे चार भाग पाडतात आणि त्याबाहेर जे राहते त्याला ‘पाचवा चतकोर’ म्हणतात. त्यात हाडे-चरबी मिळवली तर हा पाचवा भाग मांसालाच भारी पडतो. त्याचे पुढे काय होते, यावर मांसधंद्याचा नफा ठरतो. गेल्या शतकात तर एका देशाचे आरोग्यमंत्री आणि शेतकरी एकाच वेळी तोंडघशी पडले, तेही याच भागामुळे.

हा भाग खाल्ला जात नाही, असे समजू नका. रोममधल्या तेस्ताच्चो वस्तीतल्या कत्तलखान्याच्या कामगारांना मजुरीचा काही भाग आतडी, शेपट्या आणि काळीज-फुप्फुसांच्या रूपात मिळे. त्यांच्या बायकांनी आणि आसपासच्या खाणावळींनी त्यातून जो स्वयंपाक उभा केला, तो आज रोमचा खास स्वयंपाक म्हणून पर्यटक पैसे मोजून खातात. आपल्याकडे वजडी, पाया, मुंडी, भेजा आणि रक्ती यांना चाहत्यांची वाण नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या पाककृती लिहून ठेवल्या. त्या वाचताना जनावराचा किती कमी भाग खरोखर टाकाऊ असतो हे कळते, आणि ही काटकसर हौसेची नव्हती हेही कळते.

पण एका गावात एक जनावर पडणे वेगळे आणि एका आवारात दिवसाला हजारो जनावरे कापली जाणे वेगळे. ही दुसरी गोष्ट सुरू झाली शिकागोत.

१८६५ च्या नाताळच्या दिवशी तिथे युनियन स्टॉक यार्ड्स उघडले. सुरुवातीला जनावरे इथून जिवंतच रेल्वेने न्यूयॉर्क-बोस्टनकडे जात आणि तिथले खाटीक ती कापत. अर्धे वजन निरुपयोगी असलेल्या मालाचे भाडे भरण्यात मांसव्यापारी गुस्तावस स्विफ्टला अर्थ दिसेना. बर्फाने थंड ठेवलेले रेल्वेचे डबे त्याने व्यवहारात आणले आणि शिकागोतच कापलेले मांस पूर्वेकडे पाठवायला सुरुवात केली. या बदलाचा एक परिणाम कुणी फारसा मोजला नव्हता. पूर्वी शेकडो शहरांत विखुरलेला कचरा आता एका ठिकाणी जमू लागला. गल्लीतल्या खाटकाला दोन बादल्या रक्ताचे काही करता येत नाही, तो ते गटारात ओततो. कारखान्याकडे रोज टाक्या भरून रक्त येऊ लागले की त्यावर यंत्र बसवणे परवडते. रक्ताचे खत, हाडांचा सरस, चरबीचा साबण, शिंगांची बटणे, आतड्यांची तार, डुकराच्या जठरातून पेप्सिन... इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी शिकागोवरच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की मांसाच्या विक्रीतून जनावराची खरेदी किंमतही निघत नसे. मांस तोट्यात विकून प्रतिस्पर्धी संपवायचे आणि कमाई उरलेल्या भागांवर करायची, असा हा खेळ होता. मांसाच्या कंपन्या आपण डुकराच्या किंकाळीखेरीज सारे वापरतो, असा तोरा मिरवीत. तो तसा खराही नव्हता. यार्डाशेजारून वाहणाऱ्या नदीच्या फाट्यात इतके रक्त आणि आतडी जात की तळाशी कुजणाऱ्या थरातून सतत बुडबुडे येत. लोकांनी त्याचे नावच ‘बबली क्रीक’ पाडले. अप्टन सिंक्लेअरची ‘द जंगल’ ही कादंबरी १९०६ मध्ये आली आणि त्याच वर्षी अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला. वाचकांना हादरवले ते डब्यातल्या मांसाच्या किळसवाण्या वर्णनांनी. कामगारांचे हाल मात्र मागेच राहिले.

या धंद्याचे ऋण वैद्यकावरही आहे, आणि ते सहसा कुणी सांगत नाही. १९८२ मध्ये जनुकीय तंत्राने बनवलेले इन्शुलिन बाजारात येईपर्यंत जगभरच्या मधुमेहींचे इन्शुलिन डुकरांच्या आणि गुरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. रक्त पातळ ठेवणारे हेपॅरिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून येते. आर्मर या शिकागोच्या मांस कंपनीने तर १९५० च्या दशकात गुरांच्या स्वादुपिंडातले एक विकर किलोभर शुद्ध करून शास्त्रज्ञांना वाटले. त्या विकरावर काम करणाऱ्या अँफिन्सन, मूर आणि स्टाइन यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

आता मुख्य प्रक्रियेकडे येऊ. तिला धंद्यात रेंडरिंग म्हणतात. घरी लोणी कढवताना पाणी उडून जाते, तूप वर येते आणि तळाशी बेरी राहते. रेंडरिंग म्हणजे नेमके तेच, फक्त लोण्याच्या जागी आतडी, हाडे आणि चरबी असते. कच्चा माल यंत्रात दळून बोटाएवढे तुकडे करतात. वाफेने तापणाऱ्या मोठ्या कढयांत तो शंभर अंशांच्या बराच वर तास-दीड तास शिजतो. मालात निम्म्याहून अधिक पाणी असते, ते उडते. मग स्क्रू-प्रेसमध्ये दाबून चरबी वेगळी काढतात आणि उरलेला कोरडा चोथा दळतात. चरबी जाते साबण, तेल-रसायने, जैवडिझेल आणि पशुखाद्याकडे. भुकटीत हाड असेल तर निम्मे प्रथिन आणि बाकी बरेचसे कॅल्शियम-फॉस्फरस; निव्वळ कोंबडीची असेल तर प्रथिन साठ-पासष्ट टक्क्यांवर जाते. पिसांचा प्रकार वेगळा. पिसातले केराटिन बहुतेक प्राण्यांना धड पचत नाही, म्हणून ते दाबाखालच्या वाफेत मोडावे लागते.

हे सारे ऐकायला सोपे आहे. खरी अडचण घड्याळाची असते. जनावर पडल्यापासून जंतूंचे काम सुरू होते. चरबी आंबते, प्रथिने फुटून घाण वासाची अमाइन्स तयार होतात आणि मग कितीही शिजवले तरी ती जात नाहीत. शिजवल्याने जंतू मरतात, पण कुजलेल्या मालाचा ताजा माल होत नाही. म्हणून चांगला रेंडरिंग कारखाना कत्तलखान्याला चिकटून असतो आणि वाईट कारखाना दोन दिवसांच्या ट्रकची वाट पाहतो.

याहून वरच्या पायरीवर थेट माणसाच्या खाण्यात जाणारे पदार्थ आहेत. स्वच्छ पद्धतीने, पोकळ सुरीने काढलेल्या रक्तातून तांबड्या पेशी वेगळ्या केल्या की फिकट पिवळा प्लाझ्मा राहतो. वाळवलेला प्लाझ्मा तापवल्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखा घट्ट होतो, म्हणून सॉसेजमध्ये पाणी आणि चरबी धरून ठेवायला तो घालतात. कुत्र्या-मांजरांच्या डब्यातल्या रश्श्यातले जे ‘मांसाचे तुकडे’ दिसतात, त्यांना आकार देण्याचे कामही बऱ्याचदा प्लाझ्मा आणि गव्हाचे ग्लुटेन करतात.

हाडे आणि कातड्यांतून जिलेटीन निघते. देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६८० च्या सुमारास प्रेशर कुकरचा पूर्वज बनवला, तो हाडे शिजवून त्यातले सत्त्व काढण्यासाठीच. पुढे पॅरिसच्या इस्पितळांत गरिबांना हाडांच्या जिलेटीनचे सूप देऊन मांसाची भूक भागवायचे प्रयोग झाले. ते सूप पौष्टिक आहे की नाही यावर वर्षानुवर्षे वाद चालला. शेवटी शरीरक्रियाशास्त्रज्ञ माजँदी यांच्या समितीने १८४१ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून निर्णय दिला की नुसत्या जिलेटीनवर प्राणी जगत नाही. कारण नंतर कळले: त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते. ज्या पदार्थाला गरिबांचे अन्न म्हणून नाकारले गेले, तोच आणखी बारीक तोडून, ‘कोलॅजन पेप्टाइड’ नावाने, आज श्रीमंतांना त्वचेच्या तजेल्यासाठी विकला जातो. आपल्या देशात कोचीजवळ हाडांपासून जिलेटीन बनवणारा मोठा उद्योग आहे. हाडे हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवली की खनिज विरघळते, रबरासारखे ऑसीन उरते, ते चुन्याच्या पाण्यात मुरवून गरम पाण्यात उतरवतात. औषधाच्या कॅप्सूलचे कवच बहुधा याच वाटेने येते.

मग चूक कुठे झाली? इंग्लंडमध्ये, गोठ्यात.

दुभत्या गाईला प्रथिन लागते. आपल्याकडे ते सरकीच्या किंवा शेंगदाण्याच्या पेंडीतून देतात. ब्रिटनमध्ये सोयापेंड बाहेरून आणावी लागे आणि मांस-हाडांची भुकटी घरची, म्हणून वासरांच्या खुराकात ती घातली जाई. गाईला गाय खाऊ घालण्यात कुणाला फारसे वावगे वाटत नव्हते, कारण शिजवून भुकटी केल्यावर ते नुसते प्रथिन होते, अशी समजूत होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये गाईंच्या मेंदूत छिद्रे पाडणारा नवा रोग ओळखला गेला. जॉन वाइलस्मिथ या पशुसाथरोगतज्ज्ञाने वर्षभरात बोट ठेवले ते खुराकातल्या भुकटीवर. हा रोग जंतूंचा किंवा विषाणूचा नव्हता. घडी बिघडलेले प्रथिन, म्हणजे प्रायॉन, शेजारच्या निरोगी प्रथिनाची घडी बिघडवत जाते. स्टॅन्ली प्रुसिनर यांना या कल्पनेसाठी १९९७ चे नोबेल मिळाले. प्रायॉन सर्वसाधारण रेंडरिंगच्या तापमानाला दाद देत नाही.

जुलै १९८८ मध्ये रवंथ करणाऱ्या जनावरांचे प्रथिन रवंथ करणाऱ्यांना देण्यावर बंदी आली. प्रश्न इथेच मिटायला हवा होता. पण बंदीनंतर जन्मलेल्या चाळीस हजारांहून अधिक गाईंना रोग झाला. असे का? कारण डुकरांसाठी आणि कोंबड्यांसाठी तीच भुकटी वापरणे चालूच होते. खाद्याच्या एकाच गिरणीत, त्याच यंत्रांतून सकाळी कोंबडीखाद्य आणि दुपारी गाईचा खुराक निघे. यंत्राच्या कोपऱ्यात राहिलेल्या चिमूटभर भुकटीने काम केले. बाधित मेंदूचा ग्रॅमभर अंशही गाईला पुरतो, असे पुढच्या प्रयोगांनी दाखवले. १९९० च्या मे महिन्यात कृषिमंत्री जॉन गमर कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीच्या हातात बर्गर देऊन गोमांस सुरक्षित असल्याची हमी देत होते. त्याच महिन्यात ब्रिस्टलमधल्या मॅक्स नावाच्या एका सयामी बोक्याला हाच आजार झाल्याची बातमी आली. पुढे ब्रिटनमध्ये सुमारे ९० मांजरे या रोगाने गेल्याची नोंद आहे. रोगाने गाय ते मांजर ही उडी मारली होती, आणि ते मांजर बिचारे डब्यातले खात होते. १९९२ मध्ये एका वर्षात छत्तीस हजारांहून अधिक गाई बाधित झाल्या. २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत कबूल केले की तरुणांमध्ये दिसलेल्या नव्या मेंदूविकाराचा संबंध बहुधा या गाईंशी आहे. ब्रिटनमध्ये त्या विकाराने पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली. लक्षावधी गुरे मारून जाळावी लागली.

या प्रकरणानंतर पुष्कळांनी दोष रेंडरिंगच्या बदललेल्या पद्धतीवर टाकला. पूर्वी चरबी काढायला रासायनिक द्रावक वापरत आणि नंतर ते वाफेने उडवत. तेल महागल्यावर ही पायरी गेली, म्हणून प्रायॉन वाचला, असा तो युक्तिवाद. लॉर्ड फिलिप्स यांच्या चौकशीने २००० साली तो फेटाळला. जुनी पद्धतही प्रायॉनला पुरी पडली नसती. माझ्या मते यातला धडा तापमानाचा नव्हताच. कचऱ्यापासून खाद्य करणे हा गुन्हा नाही, तो कुठून आला हे विसरणे हा गुन्हा आहे. भुकटी झाल्यावर गाय, मेंढी आणि कोंबडी सारख्याच तपकिरी दिसतात.

युरोपीय संघाने पुढे जे नियम केले त्यांचा गाभा हाच आहे. प्राणिजन्य अवशेषांचे तीन वर्ग पाडले. पहिल्या वर्गात मेंदू, पाठीचा कणा यांसारखे प्रायॉनचा धोका असलेले भाग, ते जाळायचे. दुसऱ्यात इतर धोक्याचे, जसे रोगाने मेलेले जनावर. ते खाद्यात नाही, फार तर खत किंवा इंधन. तिसऱ्या वर्गात तपासणीत उत्तीर्ण झालेल्या जनावरांचे, पण बाजारात न खपणारे भाग: फुप्फुसे, कासा, कोंबडीचे पाय, हाडांचा चुरा. कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात फक्त हा तिसरा वर्ग चालतो. एका जातीचे प्रथिन त्याच जातीला द्यायचे नाही हे तत्त्व कायम राहिले. २०२१ मध्ये डुकरांचे प्रथिन कोंबड्यांना आणि कोंबड्यांचे डुकरांना देण्याची परवानगी मिळाली, तीही गिरण्या आणि वाहने वेगळी ठेवण्याच्या अटीवर. अमेरिकेत हा धडा वेगळ्या तऱ्हेने गिरवावा लागला. २०१८ मध्ये तिथे कुत्र्यांच्या काही डब्यांत पेंटोबार्बिटाल सापडले. प्राण्यांना शांतपणे मरण देण्यासाठी हे औषध टोचतात आणि ते रेंडरिंगच्या उष्णतेत नष्ट होत नाही. म्हणजे कुठल्या तरी टप्प्यावर नको ते शव नको त्या कढईत गेले होते.

कुत्र्याच्या खाद्याचा धंदा जेम्स स्प्रॅट या अमेरिकनाने १८६० च्या सुमारास लंडनमध्ये सुरू केला. गहू, भाज्या, बीट आणि वाळवलेले मांस यांची ती बिस्किटे इंग्रज शिकाऱ्यांना विकली जात. आज जे कोरडे दाणे आपण पोत्यातून काढतो ते १९५७ नंतरचे. कुरकुरीत मसालेदार नळ्या बनवणारे एक्स्ट्रूडर यंत्रच इथे वापरतात. धान्य आणि मांसाची भुकटी यांची कणीक दाबाखाली तापवून साच्यातून बाहेर फेकली की ती फुलते. तिला चव नसते. म्हणून वरून चरबी आणि कोंबडीच्या काळजाचे विकरांनी पातळ केलेले द्रावण फवारतात. तुमचा कुत्रा ज्यावर तुटून पडतो तो हा वरचा लेप. मांजर जास्त चोखंदळ, आणि तिची गरजही कडक. टॉरिन नावाचे द्रव्य तिला खाण्यातूनच मिळावे लागते. प्रक्रियेत ते कमी पडल्याने मांजरांचे हृदय फुगून निकामी होते, हे १९८७ मध्ये लक्षात आले. तेव्हापासून ते वेगळे मिसळतात.

पुडक्यावरची यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घटक वजनाच्या क्रमाने लिहितात आणि वजन शिजवण्याआधीचे असते. ‘चिकन’ पहिले लिहिलेले असेल तर त्यात सत्तर टक्के पाणी आहे. ‘चिकन मील’ म्हणजे भुकटी, ती यादीत दुसरी किंवा तिसरी असूनही जास्त प्रथिन देत असेल. ‘बाय-प्रॉडक्ट’ हा शब्द पाहून नाक मुरडणारे पालक मला पुण्या-मुंबईत बरेच भेटतात. त्यांना माणसाच्या दर्जाची छातीची फोड हवी असते. आपल्या कुत्र्याने काळीज आणि जठर आनंदाने खाल्ले असते, पौष्टिकतेतही फायदाच होता. कॅलिफोर्नियाचे भूगोलज्ञ ग्रेगरी ओकिन यांनी २०१७ मध्ये हिशेब मांडला की अमेरिकेतल्या पशुपालनाच्या पर्यावरणीय भाराचा चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त कुत्र्या-मांजरांच्या खाण्यामुळे पडतो. तो हिशेब सर्वांना मान्य नाही, कारण अवशेषांवर किती भार टाकावा याबद्दल मतभेद आहेत. पण माणसांच्या खाण्याचेच मांस प्राण्यांना देण्याची फॅशन वाढली तर वाद घालायला जागाच राहणार नाही.

आपल्या देशात हे काम वेगळ्या वाटेने गेले. पश्चिमेत मेलेल्या जनावराची विल्हेवाट गावाबाहेरच्या कारखान्यात गेली, आपण ती गावाबाहेरच्या माणसांवर ढकलली. मार्च १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले. ते ओझे कुणी वाहायचे, हा त्यामागचा प्रश्न. वर्ध्याजवळ नालवाडीला गोपाळराव वाळुंजकरांनी आणि कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी, सवर्ण असून, स्वतः मृत जनावरे सोलण्याचे आणि कातडे कमावण्याचे काम अंगावर घेतले. त्यांचे धाडस मोठे होते, पण व्यवस्था बदलली नाही. २०१६ मध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली. त्यानंतर तिथल्या दलितांनी मृत जनावरे उचलायचे थांबवले, तेव्हा ती कुजत पडली आणि प्रशासनाला कळले की हे काम कोण करत होते.

आज मृत गुरांपेक्षा मोठा ढीग कोंबडीचा आहे, आणि तो गावाबाहेर नाही, गल्लीत आहे. चिकनच्या दुकानामागचा निळा ड्रम रात्री नाल्याकाठी रिकामा होतो, किंवा तो मत्स्यतळ्याकडे जातो. आफ्रिकन मांगूर माशाच्या संगोपनावर देशात २००० पासून बंदी आहे, तरी राज्यात ठिकठिकाणी तो चोरून पोसला जातो, कोंबडीची कच्ची आतडी टाकून. मत्स्यव्यवसाय विभागाने अशी तळी नष्ट केल्याच्या बातम्या भिवंडीपासून उजनीपर्यंत येतात. हाही पुनर्वापरच म्हणायचा, पण न शिजवलेला आणि न नोंदलेला. केरळने वेगळा मार्ग धरला. तिथे कण्णूरसारख्या जिल्ह्यांनी चिकनच्या दुकानांचा कचरा शीतपेट्यांतून उचलून रेंडरिंगला देण्याची घडी बसवली. भुकटी पशुखाद्याच्या धंद्यात जाते.

महाराष्ट्रातल्या महापालिकांना हे जमणार नाही असे काही त्यात नाही. दुकानाच्या परवान्याला थंड पेटीची आणि ठरलेल्या वेळेच्या उचलीची अट जोडावी लागेल, वाहने वेगळी ठेवावी लागतील, आणि उचलणाऱ्याला कामगार म्हणून पगार, हातमोजे नि विमा द्यावा लागेल. तोवर येत्या रविवारी चिकन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला एवढे विचारा: हा ड्रम रात्री कुठे जातो?